ओठाचा डावा कोपरा

१२ मार्च

ताई,

पत्र बघून घाबरू नका, आई ठीक आहेत. मोडलेलं खुब्याचं हाड जुळलं असं डॉक्टर म्हणतात, पण उभं राहायचं धाडस त्यांना होत नाही. त्यांचा पलंग खिडकीपाशी सरकवलाय. रस्त्यावरून कोण किती वाजता कामाला गेलं याची हजेरी त्या घेत असतात.

पत्र माझ्याच कामासाठी आहे. शिलाई मशीन सुरू केलं की त्यांच्या डोक्यात घण बसतात, म्हणून महिनाभर मशीनवर चादर टाकून ठेवलीय. गिऱ्हाइकांना दुसरीकडे पाठवलं. तुमचे दादा पंपावर पाळीला गेले की घरात आम्ही दोघीच. त्या डोळे मिटून पडतात आणि मी समोर रिकाम्या हातांनी बसते. सव्वीस वर्षांत हात असे कधी रिकामे नव्हते. परवा मापांच्या वहीत मागच्या पानावर त्यांचं नाक काढलं. नाकाचा बटाटा झाला. त्यांनी वही मागून घेतली आणि विचारलं, "हे कोणाचं?"

मी म्हटलं, "तुमचं."

"मग माझ्या लेकीला विचार. लोकांची नाकं नीट करण्याचाच पगार घेते ती."

म्हणून विचारतेय. या वयात जमेल का? मला चित्राचा हात नाही.

वहिनी

२० मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचून वर्गात एकटीच हसले. आधी एक सांगते, "मला हात नाही" हे वाक्य माझ्यापुढे चालत नाही. चित्रकला विद्यालयात तेवीस वर्षं शिकवतेय. हात नसलेला माणूस अजून भेटला नाही. बघायची घाई असलेले मात्र पुष्कळ भेटले.

पेन्सिल लिहिताना धरतेस तशी टोकाशी धरू नकोस. मागून, सैल धर. रेघ बोटांतून नाही, खांद्यातून आली पाहिजे. आणि नाक, डोळा, कान अशी नावं घेऊन काढायला बसू नकोस. नाव घेतलं की आपण डोक्यातलं नाक काढतो, समोरचं राहून जातं. हात पुरता लांब कर, एक डोळा मिट, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत माप घे. चेहऱ्याच्या उंचीत नाकाची लांबी किती वेळा बसते ते मोज. खोडरबर मला पाठवून दे. चुकलेली रेघ तशीच राहू दे, बरोबर रेघ तिच्या शेजारी काढ, म्हणजे कुठे चुकलीस ते तुझं तुलाच कळेल.

पहिले पन्नास कागद वाया जाणारच आहेत. ते मजेत घालव.

सोबत दोन मऊ पेन्सिली पाठवतेय. आईला सांग, परीक्षा उरकल्या की येते.

तुझी नणंद

८ एप्रिल

ताई,

एकतीस कागद वाया गेले. खोडरबर लपवून ठेवलाय, तुम्हाला पाठवायचा धीर होत नाही.

पेन्सिलीवर माप घ्यायचं वाचून हसू आलं. माप घेणं हा माझा धंदाच. तुम्हाला म्हणून सांगते, कुणाचेही दोन खांदे सारखे नसतात. एक उतरलेला असतोच. मी त्या बाजूला आतून जरा जाड पट्टी घालते आणि तोंडातून शब्द काढत नाही. बायका आरशात बघून म्हणतात, तुमचं कापड अंगावर छान बसतं. आता पहिल्यांदाच पट्टी न घालता काढायचं म्हणजे हात अवघडतो.

आईंना छंद लागलाय. सकाळी केस विंचरून घेतात आणि विचारतात, "आज काय काढणार?" पाय काढू का म्हटलं तर म्हणाल्या, "त्या मेल्या पायांचं काय काढतेस, हात काढ, हातांनी आयुष्यभर काम केलंय." तो हात सोबत आहे. बोटांची गाजरं झालीत. जमलेले कागद त्या उशीखाली ठेवतात आणि अंग पुसायला येणाऱ्या नर्सला दाखवतात.

तुमच्या परीक्षा झाल्या का, असं विचारायला सांगितलंय.

वहिनी

१५ एप्रिल

वहिनी,

हात मिळाला. मी तो टेबलासमोर भिंतीवर लावलाय. गाजरं आहेत खरी, पण आईच्या मधल्या बोटाचं वाकडं पेर मी लगेच ओळखलं. तुझी रेघ धीट आहे. घाबरत घाबरत केसासारख्या दहा रेघा मारण्यापेक्षा एक ठाम चुकीची रेघ कधीही बरी. ही गोष्ट मला पोरांना शिकवायला दोन वर्षं लागतात.

गाजरांवर उपाय सांगते. बोटं काढूच नकोस. दोन बोटांमधली रिकामी जागा काढ, हात आणि उशी यांच्यामध्ये उरलेला तिकोन काढ. रिकाम्या जागा बरोबर आल्या की बोटं आपोआप येतात. मग उजेडाचं बघ. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच घरांची पट्टी तयार कर आणि चित्रातला प्रत्येक भाग कोणत्या घरात बसतो ते ठरव.

एक बातमी. एका प्रकाशकाने माझ्याकडे नवशिक्यांसाठी पुस्तक मागितलंय. मोठ्या वयात चित्र शिकणाऱ्यांसाठी. तुला पत्रं लिहिताना बरंच सुचतं, नक्कल ठेवतेय. त्यामुळे या सुट्टीत यायचं जमत नाही. आईला समजावून सांग. तिला कळेल.

तुझी नणंद

२ जून

ताई,

दीड महिना पत्र नाही, माफ करा. घरात गडबड होती. आता जरा बसता येतंय.

आईंनी "ठीक आहे" असं कळवायला सांगितलंय.

सोबत एक चित्र आहे. पूर्ण चेहरा पहिल्यांदाच काढला. समोरून, खिडकीचा उजेड एका बाजूने. चार दिवस लागले. तुम्ही शिकवलंत तसं नावं न घेता काढलं, दिसलं तेच काढलं. ताई, हे सवडीने बघा. तोंडाकडे बघा. बघून झाल्यावर काय वाटलं ते लगेच कळवा. पंपावर फोन केलात तरी चालेल, मला निरोप मिळेल.

वहिनी

११ जून

वहिनी,

चेहरा पाठवायचं धाडस केलंस, त्याबद्दल आधी शाबासकी. बहुतेक लोक वर्षभर फळांवरच रमतात. केसांचं काम सुरेख आहे, आणि कपाळावर उजेड कुठे संपतो ते तू नेमकं पकडलंस.

आता चुका. ओठाचा एक कोपरा खाली घसरलाय, आईच्या डाव्या बाजूचा, म्हणजे कागदावर उजवीकडचा. त्याच बाजूची पापणी जड झाली आणि गाल लोंबला. खांदाही उतरलाय. वाईट वाटून घेऊ नकोस, सगळ्या नवशिक्यांचं हेच होतं. आपण एक बाजू मन लावून काढतो, दुसरीपर्यंत पोचेतो हात दमलेला असतो आणि कागद तिरका झालेला असतो. कपाळापासून हनुवटीपर्यंत मधोमध एक हलकी उभी रेघ ओढ. दोन्ही डोळ्यांतून एक आडवी, ओठांतून एक. आडव्या रेघा एकमेकींना समांतर हव्यात. चित्र आरशात धरून बघ, चूक आरडाओरडा करत समोर येते.

फोन करणार होते, पण प्रकरणं द्यायची मुदत डोक्यावर आहे. दादाशी बोलणं झालं मागच्या आठवड्यात, "बरं चाललंय" एवढंच म्हणाला. तो दोन शब्दांचा माणूस.

तुझी नणंद

२१ जून

ताई,

आणखी दोन चित्रं पाठवतेय. उभी रेघ ओढली, आडव्या ओढल्या. आरशातही बघितलं. तरीही मी ओठाचा कोपरा तिथेच ठेवलाय.

कागद तिरका नव्हता. पेन्सिलीवर तीनदा माप घेतलं. शेवटी माझी शिवणाची टेपच लावली. उजवीकडे डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पावणेतीन इंच भरतात. डावीकडे तीनला दोरा कमी, म्हणजे उजवीपेक्षा इंचाचा आठवा भाग जास्तच. आई टेप लावू देत होत्या, हलल्या नाहीत.

दुसऱ्या चित्रात हात आहेत. डावा हात नीट बघा. मी तो उशीवर ठेवलेला नाही काढला, उशीवर पडलेला काढलाय. हा फरक मला कागदावर आणता आला का, एवढंच सांगा.

तुम्हीच म्हणाला होतात, डोक्यातलं नाक काढू नकोस.

वहिनी

३० जून

वहिनी,

आता तू खरी विद्यार्थिनी झालीस, कारण मास्तरणीशी भांडायला लागलीस. पण चेहऱ्यावर कधी टेप लावतात का? टेप गालाच्या गोलाईवरून फिरते, जास्त भरणारच. डोळा दाखवतो ते सपाट माप आणि टेप दाखवते ते कापडाचं. शिंपिणीची सवय जरा बाजूला ठेव.

शब्दांनी पटत नाही म्हणून तुझ्या पहिल्या चित्रावरच लाल पेन्सिलीने दुरुस्ती केलीय. तोच चेहरा मी वेगळ्या कागदावर नव्याने काढलाय; दोन्हींची प्रत ठेवून तुझी तिन्ही चित्रं परत पाठवतेय. बघ, ओठ उचलला, पापणी उघडली, खांदा वर घेतला, की आई कशी समोर येऊन बसते. हात छान आहे, फक्त मनगटात जीव नाही, हाडं काढून घेतल्यासारखं दिसतं.

एक विचारायचं होतं. "चेहरा काढताना होणाऱ्या चुका" असं एक प्रकरण आहे. तुझं चित्र आणि माझी दुरुस्ती समोरासमोर छापली तर शिकणाऱ्यांना फार उपयोग होईल. नाव घालणार नाही. नुसतं "चूक" आणि "बरोबर". चालेल ना?

तुझी नणंद

१४ जुलै

ताई,

तुम्ही काढलेला चेहरा आईंना दाखवला. उजव्या हातात धरून बराच वेळ बघत होत्या. मी विचारलं, "कसं काढलंय ताईंनी?" म्हणाल्या, "दहा वर्षांपूर्वीची आहे मी. बरी दिसते." मग तो कागद त्यांनी उशीखाली ठेवला आणि माझे सगळे बाहेर काढायला सांगितले. माझे आता कपाटात आहेत.

छापायचं विचारलंत. आई म्हणाल्या, छापू दे. तेव्हा छापा.

तुम्ही कधी येताय?

वहिनी

२२ जुलै

वहिनी,

किती मोठं मन तुझं. पुस्तक पुढच्या महिन्याच्या शेवटी छापायला जातंय, ते हातावेगळं झालं की सप्टेंबरात नक्की येते, चांगली आठ दिवस राहायला. आईला सांग, तिलाच समोर बसवून काढणार आहे.

चित्रं काढत राहा. सोडू नकोस.

तुझी नणंद

७ सप्टेंबर

वहिनी,

तुमच्याकडून परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी काय लिहावं सुचत नव्हतं. आता सुचतंय ते चांगलं नाही.

मी पोचले तेव्हा आई गेल्याला सहा तास झाले होते. तोंडावरची चादर दादाने बाजूला केली आणि मला तिचा ओठ दिसला. तिथे उभ्या उभ्या मला कळलं. नंतर कपाटात दवाखान्याची फाईल सापडली. चोवीस एप्रिल. डावी बाजू लुळी. चोवीस एप्रिलपासून एकोणीस ऑगस्टपर्यंत तुम्ही दोघं माझ्याशी खोटं बोललात. दादाचं समजू शकते, तो असाच आहे. पण तू मला पत्रं लिहीत होतीस. पानंच्या पानं. रिकाम्या जागा, उजेडाच्या पट्ट्या. एक ओळ लिहिली असतीस तर दुसऱ्या दिवशी मी तिथे असते. ती माझी आई होती. तुझी नव्हती.

तुझी नणंद

१५ सप्टेंबर

ताई,

तुमची आई होती हे मला माहीत आहे. त्यांचं अंग मी चार महिने पुसलं, तेव्हाही माहीत होतं. नर्स मे महिन्यापासून बंद केली, आईंना परक्या बाईने तसं बघायला नको होतं.

झटका आला त्या दिवशी संध्याकाळी, जीभ जड झाली होती तरी, त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं. "तिला एक अक्षर कळवायचं नाही. ती येईल, रडत बसेल आणि पुस्तक राहील. मग जन्मभर माझ्या नावाने खडे फोडेल." तुमचे दादा हो म्हणाले. मीही हो म्हटलं. अक्षर लिहू नकोस म्हणाल्या होत्या. चित्र काढू नकोस असं काही म्हणाल्या नव्हत्या.

ताई, मी तुम्हाला तीन वेळा कळवलं. तोंडाकडे बघा म्हणून लिहिलं. इंच मोजून लिहिले. पडलेला हात काढून पाठवला. तुम्ही ते सगळं लाल पेन्सिलीने बरं करून परत पाठवलंत.

पण खोटं नको. मला शब्द मोडता आला असता. फोन करायला गल्लीच्या टोकापर्यंतच जायचं होतं. पहिलं चित्र पाठवलं ते आईंसाठी होतं. दुसऱ्या खेपेला तसं नव्हतं. तुमचं पहिलं उत्तर वाचून मला राग आला होता, आणि बघायचंच होतं मला, तुम्हाला दिसतं का. तो राग मला आईंच्या आड येऊ द्यायला नको होता. त्याचं मला वाईट वाटतं. त्याबद्दल माफी मागते. बाकी कशाची नाही.

वहिनी

४ ऑक्टोबर

वहिनी,

म्हणजे माझी परीक्षा घेतलीस. आईच्या तोंडावर कागद ठेवून माझी परीक्षा.

तूही कबूल केलंस, तर मीही करते, नाहीतर हे मला पेलणार नाही. ते हाताचं चित्र आलं तेव्हा माझा हात थांबला होता. मनगट मी दुसऱ्यांदा बघितलं. "हाडं काढून घेतल्यासारखं" हे मी लिहिलं ते असं दिसलं म्हणूनच. मग घड्याळात बघितलं, प्रकरण पाठवायचं होतं. मनात म्हटलं, नवशिकी आहे, शिंपीण आहे, तिला काय कळतंय. असं म्हटलं की सगळं सोपं झालं.

दुसरं. तुमच्याकडून परतले तेव्हा पुस्तक छापायला गेलेलं नव्हतं. चार दिवस होते. एक फोन केला असता तर ते पान थांबलं असतं. मी केला नाही. काय सांगणार होते त्यांना?

तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच प्रत पाठवतेय.

तुझी नणंद

११ ऑक्टोबर

ताई,

पुस्तक मिळालं. कागद चांगला आहे.

पान एकसष्ट. डावीकडे मी काढलेल्या आई, खाली "चूक". उजवीकडे तुम्ही काढलेल्या आई, खाली "बरोबर". त्याखाली बारीक अक्षरात: "मोठ्या वयात शिकणाऱ्या एका गृहिणीचा प्रयत्न. नजरेत शिस्त नसल्याने चेहऱ्याचा तोल गेला आहे." तुमचे दादा जेवत होते, त्यांच्यासमोर उघडं ठेवलं. त्यांनी वाचलं, ताट बाजूला सारलं आणि पाळीची वेळ नसताना पंपावर निघून गेले.

पुस्तकात माझ्या पत्रांना दिलेली तुमची उत्तरंही आहेत, जवळजवळ जशीच्या तशी. "पहिले पन्नास कागद मजेत घालवा" हे वाक्य मी पत्रात वाचलं होतं तेव्हा त्या रात्री नीट झोपले होते. ते मला लिहिलंय असं वाटलं होतं.

एकच मागते. पुन्हा छापाल तेव्हा ते पान तसंच ठेवा, फक्त खालचे दोन शब्द अदलाबदल करा. आणि बारीक अक्षरात खरं लिहा, की डावीकडची बाई आजारी होती आणि काढणारीने बघून काढलं होतं.

वहिनी

३ फेब्रुवारी

वहिनी,

पुस्तक खपलं. दुसरी आवृत्ती निघाली. तुझी मागणी विसरले नव्हते, मुद्रितं आली तेव्हा दोन दिवस ते पान समोर ठेवून बसले. माझ्या चित्राखाली "चूक" असं हाताने लिहूनही बघितलं. वहिनी, ते चित्र चूक असेल तर मी तेवीस वर्षं पोरांना जे शिकवलं त्याचं काय करू? मला जमलं नाही.

पान काढून टाकलं आहे. त्या जागी फुलदाणी घातलीय.

तुझ्याकडे आईची बारा-तेरा चित्रं असतील. माझ्याकडे शेवटच्या दोन वर्षांतला तिचा फोटोही नाही. त्यातलं एखादं देशील? मी त्याला हात लावणार नाही.

तुझी नणंद

१२ फेब्रुवारी

ताई,

चित्रं एकोणीस आहेत. एकही पोस्टाने पाठवणार नाही. बघायची असतील तर इथे या आणि बघा. घर तुमचंही आहे, मी दार लावणार नाही. पण तुम्ही बघत असताना मी समोर बसणार नाही, आणि बघून झाल्यावर चित्राबद्दल मला काही सांगायचं नाही. चांगलंही नाही.

मशीनवरची चादर काढली. गिऱ्हाइकं परत आली. दुपारी काम नसलं की दवाखान्यात जाते, लुळ्या पडलेल्या माणसांच्या खोलीत. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिलीय. दर महिन्याला त्यांचे चेहरे काढते, म्हणजे सुधारणा होतेय की नाही ते बाईंना कागदांवरून कळतं. त्या म्हणतात, फोटोत माणूस हसून घेतो, तुमच्यापुढे तासभर बसला की खरा दिसतो. आधी पेन्सिलीने माप घेते, मग टेपने, आणि दोन्ही लिहून ठेवते. रिकाम्या जागा आधी काढते. खोडत नाही.

परवा तिथे एका पेशंटच्या मुलीने विचारलं, हे कुठे शिकलात. नणंदेने शिकवलं म्हटलं. दुसरं काही सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

वहिनी